सेफ्टी रेझरने गळ्याची दाढी: जळजळ का होते?

धरमपेठकर: गाल छान होतात, पण कंठाखाली आग होते, बारीक पुरळ येतं. ब्लेड नवीनच आहे. कोन चुकतोय की दिशा?

महालकर: भाऊ, आधी दिशा बघा. दोन दिवस दाढी वाढू द्या आणि बोट फिरवा. जिकडे खरखर लागत नाही तो केसांचा कल. गळ्यावर तो अनेकांचा आडवा किंवा खालून वर असतो. गालासारखं वरून खाली ओढलं की नकळत उलटी दाढी होते. पहिला हात, म्हणजे रेझरची पहिली फेरी, कलानेच. कोन साधारण ३० अंश: रेझरचं डोकं टेकवा, पातं लागेपर्यंतच दांडा खाली आणा. दाबू अजिबात नका, रेझरचं वजन पुरतं. एका वेळी दोन सेंटीमीटर.

इतवारीकर: कंठमण्यावरची कातडी बाजूला सरकवून सपाट जागी काढा. मान फार ताणू नका. ताणली की केस कातडीखाली कापले जातात आणि आत वळतात. दुसऱ्या हाताआधी पुन्हा फेस हवाच. शेवटी ओली तुरटी. आपल्या मे महिन्यात घाम झोंबतो, म्हणून दाढी रात्री आंघोळीनंतर बरी.

धरमपेठकर: आणि उलटा हात?

महालकर: पुरळ पूर्ण बसेपर्यंत नाही. मग आधी आडवा.