झोपेतले हसू आणि ओळखीचे हसू
नवजात बाळ झोपेत हसते ते आनंदाने, असे काही जण मानतात, तर काही जण ते पोटातल्या वायूमुळे होते असे म्हणतात. मला दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी वाटतात. आपल्याकडे या हसण्याला ‘सटवाई हसवते’ म्हणतात, आणि बाहेरचे काहीही कारण नसताना ते उमटते हे निरीक्षण त्यात अचूक टिपले गेले आहे. हे हसू बहुधा डोळ्यांची जलद हालचाल होणाऱ्या झोपेत, मेंदूच्या आतूनच उद्भवते. म्हणून त्यावरून बाळाची भावना ठरवू नये.

समोरच्या चेहऱ्याला प्रतिसाद देणारे हसू साधारण सहा ते आठ आठवड्यांनी येते. डार्विनने १८७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणांत आपल्या मुलाच्या अशा हसण्याची नोंद ४५व्या दिवशी केली आहे. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांत मात्र हा टप्पा जन्मतारखेपेक्षा गर्भधारणेपासूनच्या वयानुसार येत असल्यामुळे, अशा बाळांच्या आईवडिलांनी शेजारच्या बाळाशी तुलना करून घाबरू नये, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. जन्मांध बाळेही आईच्या आवाजाला हसतात, त्यामुळे हसू केवळ पाहून शिकलेले नसते.

भावनेच्या दृष्टीने सर्वांत बोलके निरीक्षण फॉक्स आणि डेव्हिडसन या मानसशास्त्रज्ञांचे १९८८ मधील आहे: दहा महिन्यांची बाळे आई जवळ येताना डोळ्यांभोवतीच्या स्नायूंसह, म्हणजे मनापासून, हसत, तर अनोळखी व्यक्तीकडे पाहून हसताना बहुधा ओठच हलत.