नागपूरच्या उन्हाळ्यात जुनी रेड वाइन कशी सांभाळावी? (मदत हवी आहे)

नमस्कार.

दीर्घकाळ ठेवण्याजोग्या रेड वाइनचा एक लहानसा संग्रह माझ्याकडे हळूहळू जमला आहे. धाकटा भाऊ इटलीत नोकरीला असतो आणि घरी येताना प्रवाशाला दोन लिटर मद्य करमुक्त आणण्याची जी मुभा आहे, तिच्यात बसतील अशा दोन बाटल्या तो दर खेपेस आणतो. त्यांत २०१० च्या काही बरोलो, फ्रान्समधील बोर्दो भागातल्या मेदोकची २००५ सालची एक आणि स्पेनमधील रिओखाची एक ग्रान रेसेर्वा (दीर्घकाळ मुरवून मगच बाजारात आणलेली) आहे; शिवाय आपल्या अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची ‘सेत्ते’ ही रेड वाइन मी स्वतः विकत घेऊन ठेवली आहे. मद्य बाळगण्याचा परवाना काढलेला आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. प्रश्न नागपूरच्या हवेचा आहे.

बरोलो ही इटलीतली, नेब्बिओलो द्राक्षाची वाइन. ती बाजारात येण्यापूर्वी किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यांतले १८ महिने लाकडी पिंपात; आणि तरीही कोवळ्या वयात तिचे टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतून येणारा तुरट घटक) जिभेला अगदी कोरडे पाडते. पुढे बाटलीत वर्षे गेली की टॅनिन आणि रंगद्रव्ये एकमेकांना जोडली जाऊन जड होतात, त्यांतली काही गाळ होऊन तळाशी बसतात, तुरटपणा मऊ होतो, रंग विटकरीकडे झुकतो आणि ताज्या फळांच्या वासाची जागा सुकलेला गुलाब, डांबर, चामडे, तंबाखू असे वास घेतात. मला या वाइनमध्ये जे आवडते ते नेमके हेच, आणि ते घाईने मिळत नाही. साधारण १२ ते १४ अंश सेल्सिअसच्या स्थिर तापमानात ते सावकाश घडते. उष्णतेत मात्र सगळ्याच रासायनिक क्रिया वेग घेतात, फळाला शिजवल्यासारखी चव येते, आतला द्रव प्रसरण पावून बूच वर ढकलले जाते आणि कडेने वाइन पाझरू लागते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि रात्रीही भिंती तापलेल्याच असतात. महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्याला तळघर आहे, तेथे बाटल्या ठेवाव्यात असे घरातील वडीलधाऱ्यांनी सुचवले. परंतु जमिनीखाली काही मीटरांवर तापमान त्या गावाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास स्थिरावते. बोर्दोची सरासरी १४ अंशांच्या जवळपास असल्यामुळे तेथे तळघर पुरते, नागपूरची मात्र सुमारे २७ आहे. म्हणजे तळघरात चढउतार टळेल, पण थंडावा मिळणार नाही. घरचा फ्रिज सुमारे ४ अंशांवर असतो, तेथे वाइन मुरणे जवळजवळ थांबते आणि कोरड्या हवेने कालांतराने बूच आकसते, म्हणून दीर्घ साठवणीसाठी तोही पर्याय मी सोडून दिला आहे.

राहता राहिले वाइनसाठीचे खास कपाट. पेल्टिअर पद्धतीची (कंप्रेसरऐवजी विजेवर थंड होणाऱ्या चकतीची) कपाटे फारसा आवाज किंवा कंप करत नाहीत, पण ती खोलीपेक्षा साधारण पंधरा-वीस अंशच खाली जाऊ शकतात. खोली ३८ वर असेल तर त्यांचा उपयोग नाही. त्यामुळे कंप्रेसरचेच घ्यावे लागेल असे दिसते. विदर्भात, अकोला-चंद्रपूरकडेही, कोणी असे कपाट काही उन्हाळे चालवले असेल तर कृपया सांगावे: एसी नसलेल्या खोलीत, फक्त कूलरवर, ते १४ अंश टिकवते का? भर दुपारी तीन-चार तास वीज गेल्यास आतले तापमान किती चढते, आणि त्यासाठी इन्व्हर्टर जोडणे योग्य ठरेल का? कंप्रेसरच्या कंपाने गाळ ढवळला जातो का? पावसाळ्यातील दमटपणाने लेबलांना बुरशी लागते का, हेही कळले तर बरे होईल, कारण संग्रह करणाऱ्याला लेबलही जपायचे असते.

शेवटचा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. २००५ च्या मेदोकमधील वाइनची पातळी मानेतून उतरून खांद्याच्या वरच्या कडेशी आली आहे, म्हणजे बाटलीत हवेची जागा वाढली आहे. बूच मात्र जागेवर आहे आणि पाझरल्याची खूण नाही. २००५ हे बोर्दोचे नावाजलेले वर्ष असल्याने आणखी दहा वर्षे थांबण्याचा विचार होता. आता वाटते की दिवाळीनंतर, हवा थंडावल्यावर, चार जाणकार मित्रांसोबत ती उघडावी: आदल्या दिवशी उभी करून गाळ बसू द्यावा, १७ अंशांच्या आसपास आणावी आणि सोबत सावजी नव्हे, तर कमी तिखटाचे मटण ठेवावे, कारण तिखटाने टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही अधिक बोचतात. अशा वयाच्या आणि अशा पातळीच्या बाटलीला डिकँटरमध्ये (गाळ मागे ठेवून वाइन ओतण्याच्या व तिला हवा देण्याच्या काचपात्रात) किती वेळ द्यावा, की थेट पेल्यातच ओतावी?