तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा कॉन्स्टंटाइनने आणला म्हणे!

नगरकर: “बाळांचा बाप्तिस्मा हे चौथ्या शतकातल्या रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं खूळ” असं काल इथं ठणकावून लिहिलं गेलं. वाचून गप्प बसवेना. इ.स. 200 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन लिहितो, लहान मुलांना बाप्तिस्मा देण्याची घाई करू नका. जी चाल नाहीच, तिला विरोध कोण कशाला करेल? पुढे पन्नासेक वर्षांनी त्याच कार्थेजात तिथला बिशप सिप्रियन आणि त्याच्यासोबतचे बिशप ठरवतात की बाळाच्या बाप्तिस्म्याला जन्मानंतर आठव्या दिवसापर्यंतही थांबायला नको. तेव्हा कॉन्स्टंटाइन जन्मलाही नव्हता! त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा 337 साली, मरणशय्येवर.

नदीकाठ: ती पोस्ट माझी. तर्तुलियन थांबा म्हणतो, म्हणजे तो माझ्याच बाजूचा की! डिडाखे, म्हणजे सुरुवातीच्या मंडळीची नियमपुस्तिका, उघडा. बाप्तिस्मा घेणाऱ्याने आधी एक-दोन दिवस उपास करायचा. तान्हं मूल उपास धरतं का? मला लहानपणी शिंपडलं होतं, त्यातलं काही आठवत नाही. मोठेपणी विश्वास धरून गोदावरीत उतरलो, ते मरेपर्यंत विसरणार नाही.

नगरकर: उपास घेतलात आणि वरच्या ओळी गाळल्यात. वाहतं पाणी नसेल तर दुसरं, गार नसेल तर कोमट, दोन्ही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. हेही डिडाखेच.

वसईची सून: पाण्याचं राहू द्या, द्यायचा कोणी ते बोला. माझी मावशी नर्स. सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ रात्रीच जाणार हे दिसत होतं. आईने हात जोडले, मावशीने वाटीत पाणी घेतलं, बापाच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने तीनदा ओतलं. त्यांच्या पाळकांनी रजिस्टरात नोंद केली नाही. कारण काय, तर बाईने दिलेला!

पाळकपुत्र: दुःख समजतं, पण शिस्त पाळकांनी शोधून काढलेली नाही. बिशपाशिवाय बाप्तिस्मा नको, हे अंत्युखियाचा बिशप इग्नाती दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीलाच सांगतो. तर्तुलियनही गरज पडल्यास साध्या विश्वासणाऱ्याला मुभा देतो, बाईला नाही.

वसईची सून: मग बायबलातली किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी कोण? 112 च्या सुमारास बिथुनिया या रोमन प्रांताचा सुभेदार प्लिनी सम्राटाला कळवतो, ‘सेविका’ म्हणवणाऱ्या दोन ख्रिस्ती दासींचा छळ करून माहिती काढली. छळ सोसायला बायका चालतात आणि वाटीभर पाणी ओतायला नाही?

पाळकपुत्र: आवाज चढवून पुरावा होत नाही. त्या दासी बाप्तिस्मा देत होत्या असं प्लिनी कुठे म्हणतो? सीरियातल्या डिडास्कालिया या जुन्या मंडळी-नियमांच्या ग्रंथात सेविका स्त्रियांना तेल लावते, शिकवते, पण बाप्तिस्मा बाईने देऊ नये असंच तिथं लिहिलंय.

नदीकाठ: मूळ मुद्दा बाजूलाच पडला. कॉन्स्टंटाइनचं नाव काढून टाकतो, घ्या. पण घरच्यांसह बाप्तिस्मा घेतलेल्या लुदियाच्या घरात तान्हं मूल होतं असं बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांत दाखवा!

नगरकर: नव्हतं असं तुम्ही दाखवा. “घरच्यांसह” एवढंच आहे.

वसईची सून: पाळकपुत्र, एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. मंडळीतून फुटलेल्यांनी दिलेला बाप्तिस्माही रोमचा बिशप स्तेफन याने खरा मानला, त्यापायी सिप्रियनशी भांडण ओढवून घेतलं. पुढे पश्चिमेकडची मंडळी स्तेफनच्याच वाटेने गेली. फुटीराचा चालतो, मग माझ्या मावशीचा का नाही?

पाळकपुत्र: नोंद करायला हवी होती, एवढं मान्य. बाकीचं नाही.