मॅच माझी झाली, तारीख मात्र घरच्यांनी ठरवली

धाकटी

माझ्या मोठ्या भावाला अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर आहे. केमोने आजार आटोक्यात आलाय, पण पुन्हा उलटायची शक्यता मोठी असल्याने डॉक्टरांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे दुसऱ्याच्या हाडातल्या मज्जेच्या पेशी देणं, सुचवलंय. आम्ही तीन भावंडं. ताईच्या आणि माझ्या पेशी त्याच्याशी जुळतात का, ही एचएलए तपासणी झाली. ताईचं जुळलं नाही, माझं पूर्ण जुळलं.

हे मला वहिनीकडून कळलं. रिपोर्ट आधी तिच्याकडे गेला. मी फोन हातात घेईपर्यंत घरच्या ग्रुपवर 'तू देवासारखी धावून आलीस' असे मेसेज सुरू झाले होते. मी तर अजून कुणाला हो म्हटलं नव्हतं. दोन दिवसांत तारखेचंही बोलणं झालं.

दादाचं आणि माझं बऱ्याच वर्षांपासून बोलणं नाही. कारणं आहेत, ती इथे उगाळत नाही. त्याने जगावं असं मला अगदी मनापासून वाटतं. पण मला भूल घ्यायची प्रचंड भीती आहे, पदरात दीड वर्षाचं मूल आहे, आणि 'तुला चालेल का' असं एकानेही विचारलेलं नाही. परवा आईचा फोन आला. मी जरा अडखळले, तर म्हणाली, 'अगं बोल ना, स्पीकरवर आहेस, तो ऐकतोय.' त्याच्या कानावर काय घालणार मी? 'बरं' म्हणून फोन ठेवला.

वर असंही ठरलंय की ट्रान्सप्लांटनंतर काही महिने मी बाळाला घेऊन त्याच्याकडेच राहायचं. का, तर वहिनीची नोकरी आहे आणि 'तू काय, घरीच असतेस'.

मी नाही म्हणत नाहीये. हो म्हणण्याआधी विचार करायला मला जागा हवी आहे. ज्यांनी पेशी दिल्यात त्यांनी खरं काय होतं ते सांगा. आणि नाही म्हणता येतं का, तेही.

स्पष्टवक्ता

राग मानू नका, पण भावाचा जीव टांगणीला असताना कोणी विचारलं आणि कोणी नाही, हे बघायची ही वेळ नव्हे. पेशी पुन्हा तयार होतात, माणूस पुन्हा येत नाही.

वेलांटी

स्पष्टवक्ता, हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणूनच तर तिची झोप उडाली आहे.

धाकटी, मी माझ्या बहिणीला पेशी दिल्या आहेत. भुलीची भीती असेल तर पेशी कुठून घेणार हे आधी विचार. कमरेच्या मागच्या हाडातून मज्जा काढतात तेव्हा भूल लागते. पण हल्ली बऱ्याचदा रक्तातूनच पेशी घेतात, त्याला भूल नसते. माझ्या त्याच पद्धतीने घेतल्या. आधी चार-पाच दिवस जी-सीएसएफची इंजेक्शनं देतात, त्याने मज्जेतल्या मूळ पेशी रक्तात उतरतात. माझी कंबर आणि छातीचं मधलं हाड असं ठणकायला लागलं की कुशीवर वळताना दात आवळायचे. पॅरासिटामॉलने निभावलं, पण दुखलं हे खरं.

प्रत्यक्ष दिवशी दोन्ही हातांत सुया. एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, पेशी वेगळ्या होतात आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातातून परत येतं. चार-सहा तास कोपर वाकवायचं नाही. नाक खाजलं तरी कुणाला तरी सांगायचं. मध्येच ओठांना मुंग्या यायला लागल्या, मी घाबरले. रक्त गोठू नये म्हणून मशीनमध्ये जे सायट्रेट घालतात त्याने अंगातलं कॅल्शियम उतरतं. नर्सने कॅल्शियम दिलं आणि मुंग्या थांबल्या. शेवटी मशीनवर एक छोटी पिशवी भरलेली दिसली, दाट लाल. एवढ्यासाठी एवढा खटाटोप, असं वाटून मला रडू आलं. हाडांचं दुखणं पुढच्या दोन-चार दिवसांत गेलं.

बाळ अंगावर पीत असेल तर पहिल्याच भेटीत सांग, कारण ही इंजेक्शनं आहेत. त्याची सोय आधीच करावी लागेल.

रात्रपाळी

मी ट्रान्सप्लांट वॉर्डात परिचारिका आहे. तुमचा रिपोर्ट तुमच्या आधी घरच्यांना मिळाला, हे व्हायलाच नको होतं. ती माहिती तुमची आहे.

दात्याची तपासणी करणारे डॉक्टर रुग्णाच्या डॉक्टरांपेक्षा वेगळे असावेत, ही या क्षेत्रातली मान्य पद्धत आहे. रुग्णाच्या डॉक्टरांचा जीव रुग्णात असतो, तुमच्या बाजूने बघणारं कुणीतरी हवं. सरळ सांगा, 'मला वेगळे डॉक्टर हवेत आणि पहिली भेट मी एकटीने घेणार.' तिथलं बोलणं तिथेच राहतं. नाही म्हणायचं ठरलं तर टीम घरच्यांना 'दाता म्हणून योग्य नाहीत' एवढंच कळवू शकते, कारण न सांगता. असं होतं, मी पाहिलंय.

एक सीमा मात्र नीट समजून घ्या. ट्रान्सप्लांटच्या आधी रुग्णाला जबर केमो, कधी रेडिएशन देऊन त्याची स्वतःची मज्जा नष्ट करतात. त्याला कंडिशनिंग म्हणतात. ते सुरू झाल्यावर दाता मागे फिरला तर रुग्णाचा जीव जाऊ शकतो. म्हणून हवा तेवढा विचार करायचा तो आत्ता. आज वेळ मागणं भावाच्याही हिताचंच आहे.

तुमच्याशिवाय दुसरा मार्गच नाही, असंही नाही. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येकी २५ टक्के, आणि अर्धं जुळण्याची ५० टक्के. ताईचं 'जुळलं नाही' म्हणजे अर्धं जुळलं का, ते विचारा. अर्ध्या मॅचवरही आता ट्रान्सप्लांट होतात, आई-वडील आणि मुलं तर अर्धी जुळतातच. नोंदणीकृत परके दातेही असतात. पूर्ण जुळणारं भावंड सहसा पहिली पसंती असतं, हेही तितकंच खरं. नंतर कधी पुन्हा मूळ पेशी किंवा लिम्फोसाइट (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) मागितले जाऊ शकतात, त्याबद्दलही आत्ताच विचारून ठेवा.

आणि त्याच्या घरी जाऊन राहणं हा पूर्ण वेगळा प्रश्न आहे. पेशी दिल्या म्हणजे शुश्रूषाही गळ्यात आली, असं कुठल्याही संमतीपत्रात लिहिलेलं नसतं.

आठवा मजला

मी पलीकडच्या बाजूचा, पेशी घेतलेला. मला भावाने दिल्या.

पूर्ण मॅच असूनही मला जीव्हीएचडी झाला, म्हणजे दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटतात. अंगभर पुरळ, जुलाब, लिव्हर बिघडलं. तेव्हा एक नातेवाईक भावाच्या तोंडावर म्हणाले, 'तुझं रक्त त्याला मानवलं नाही.' त्यानंतर तो माझ्या खोलीत यायलाच कचरू लागला. आला की दाराशी उभा राहायचा, मास्क वर-खाली करत. ते पुरळापेक्षा जास्त लागलं मला. म्हणून कृपा करून आधीच सगळ्यांसमोर बोलून घ्या की गुण आला किंवा नाही आला, त्याचा हिशेब दात्याकडे मागायचा नाही.

आणखी एक. घरचे सगळे त्याच्या वतीने बोलतायत, तो स्वतः कुठे आहे? मी माझ्या भावाला स्वतः फोन करून सांगितलं होतं, 'नाही म्हणालास तरी मी तुझ्याशी तसाच वागेन.' रुग्णाला एवढं बोलायची ताकद असते. त्याला बोलू द्या.

धाकटी

सगळ्यांचे आभार. स्पष्टवक्ता, तुमचेही. तुमच्यासारखंच बोलणारे घरात आहेत, त्यांना उत्तर द्यायची तयारी झाली.

एकटी जाऊन आले. वेगळ्या डॉक्टरांनी तासभर बसून ऐकलं आणि शेवटी विचारलं, 'घरचे कुणीच नसते तर तुम्ही काय केलं असतं?' मी म्हटलं, दिल्या असत्या. माझं हो तिथे ठरलं. रक्तातून घेणार आहेत. दादाशी थेट बोलले, स्पीकर बंद ठेवून. जुन्या गोष्टी काढल्या नाहीत, त्यानेही नाहीत. 'भीती वाटतेय का तुला?' असं त्याने विचारलं. वाटतेय, असं मी सांगितलं.

त्याच्याकडे राहायला जाणार नाही, हे आईला स्पष्ट सांगितलं. ती रुसली आहे. ताई आणि वहिनीने रजा वाटून घ्यायचं ठरवलंय, दर आठवड्यातला एक दिवस मी जाईन.

आता बाळाचं रात्रीचं दूध सोडवायचंय, इंजेक्शनांच्या आधी. कुणी घाईत सोडवलं असेल तर कसं केलं ते सांगा.