गाडीतून उतरलं की समोर धबधबा : तुमचे अनुभव लिहा

सकाळपासून पावसाने नुसतं झोडपलंय. आईने फोनवर भलत्याच विषयाच्या मधे विचारलं, "काय गो, आंबोलीचो धबधबो सुरू झालो असतलो मा आता?" झालं, माझं ऑफिसचं काम तिथेच राहिलं.

लहानपणी सावंतवाडीहून बेळगावला मावशीकडे जायचो, लाल डब्याने. घाटात ड्रायव्हरकाका मोठ्या धबधब्यापाशी गाडी थांबवायचे. निमित्त रेडिएटरमध्ये पाणी घालायचं. सगळी पोरं खाली, मोठी माणसंही हळूहळू खाली. आई मात्र कधी उतरली नाही, कारण तिच्या मांडीवर मावशीसाठी घेतलेल्या सुक्या बांगड्यांची पिशवी असायची आणि ती सीटवर ठेवली की शेजारचे कुरकुर करायचे. खिडकीतून फक्त ओरडायची, "डोकी भिजवू नकात रे!" कंडक्टरने दोनदा बेल मारली की चिंब पोरं आत आणि बसभर कुबट वास.

आता बांगड्यांची पिशवी नाही, पण तिचे गुडघे गेलेत. ट्रेक, दोर, चिखल, ओढा ओलांडणे असलं काही नको. म्हातारं माणूस, लहान मूल, नुकतंच ऑपरेशन झालेलं कुणी, अशांना घेऊन पाहिलेले सोपे धबधबे लिहा. अवांतर चालेल, मला थांबवता येत नाही हे माहीत आहे.

घाटवेडी
मस्त धागा! आंबोलीचा तो मुख्य धबधबा गाडीत बसूनही दिसतो आणि तुषार काचेपर्यंत येतात. पायऱ्या आहेत पण चढायलाच हव्यात असं नाही. शनिवार-रविवार मात्र आईंना नेऊ नका. घाटात गाड्यांची रांग लागते आणि मग धबधब्याऐवजी पुढच्या गाडीचा मागचा दिवा बघत बसावं लागतं.

सातारकर_१
ठोसेघर. सातारहून 26 किमीच्या आसपास, सज्जनगडच्या वाटेनं पुढं. दरी पाहायला गॅलरी आहे, कठडा आहे. वडिलांना बायपासनंतर नेलं होतं, वाटेत एकदा बसले, बाकी काही नाही. परत येताना चाळकेवाडीच्या पवनचक्क्या धुक्यात, नुसता आवाज येतो आणि पातं एकदम डोक्यावरून जातं. आमचं पोरगं घाबरून रडलं. धबधब्यापेक्षा तेच लक्षात राहिलं त्याच्या.

मीना_ताई
पायऱ्या किती आहेत ठोसेघरला? आकडा सांगा, "थोड्याशा" नको. मागे एकांनी मार्लेश्वरला "थोड्याशा" सांगितल्या होत्या.

देवरुखकर
ताई, ते एक मीच असेन :) मार्लेश्वरला पाचशेच्या आसपास आहेत. पण निम्म्या पायऱ्या चढल्या की धारेश्वर धबधबा दिसायला लागतो, मग पाय आपोआप चालतात. देवाच्या गुहेत अजून समयांचाच उजेड. संक्रांतीला देवाचं लग्न असतं, साखरप्याची गिरजाई नवरी. तेव्हा या, पाणी कमी असतं पण जेवण असतं.

मीना_ताई
पाचशे!! जेवणासाठी विचार करीन.

बीडचा_बाप्पा
कोकण आणि सातारा झालं का सगळ्यांचं? आमच्याकडं पण पाणी पडतंय म्हणलं. सौताडा, जामखेडच्या जवळ. विंचरणा नदी सपाट रानातून येती आन् एकदम खोल दरीत उडी घेती. गाडी लावली की वरच्या कडेवरून दिसतंय. खाली रामेश्वराचं देऊळ आहे, तिथं जायला पायऱ्या उतराव्या लागतेत, म्हाताऱ्या माणसानं वरूनच हात जोडावेत. दुसरं मांजरसुंब्याजवळ कपिलधार, मन्मथस्वामींची समाधी आहे तिथं. आमची आज्जी समाधीला जायची, धबधबा तिच्यासाठी वरकड. पाऊस चांगला झाला तरच हं. नाहीतर नुसता दगड बघून या.

पुणेरी_चष्मा
मराठवाड्यात धबधबा हे आजच कळलं.

बीडचा_बाप्पा
कळलं ना? आता सहस्रकुंड पण लिहून ठेवा. नांदेड-यवतमाळच्या सीमेवर, पैनगंगा. काळ्या दगडांत नदी फाटून कितीतरी धारा होतेत. परीक्षा घेईन नंतर.

नाशिकची_सून
आमच्याकडे सोमेश्वर. गंगापूर रोडने जायचं, शहरातच म्हणा. गंगापूर धरणातून विसर्ग सोडला की गोदावरी अशी फुगते की पुलावरून बघायला अख्खं नाशिक लोटतं. इथे "दूधसागर"च म्हणतात त्याला. सासूबाई दर पावसाळ्यात पेपर उघडला की आधी विसर्ग किती क्युसेक ते वाचतात, मग बाकी बातम्या. "आज पाच हजार सोडलंय, डबा करू नकोस, तिकडेच भजी खाऊ." कांदाभजी की मिरचीभजी यावर गाडीत भांडण ठरलेलं.

घाटवेडी
मूग भजी विसरलात :(

पुणेरी_चष्मा
मूग भजी फक्त पावसात, फक्त कागदात. प्लेटमध्ये दिली की चव जाते.

खडकफोड्या
भूगर्भशास्त्र शिकवायचो, त्यामुळे राहवत नाही. आपल्याकडे हे धबधबे टप्प्याटप्प्याने का पडतात? साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्हा एकावर एक थर टाकत वाहत गेला. कठीण काळा बेसाल्ट, मधेच भुसभुशीत थर, कधी विटेसारखी लाल माती. पाणी मऊ थर आधी खातं, वरचा कठीण थर छज्ज्यासारखा पुढे राहतो, मग कोसळतो. म्हणून धबधब्याच्या पायथ्याशी एवढे मोठे दगड पडलेले असतात. त्यांवर बसून डबा खाऊ नये, वरून नवे येऊ शकतात.

दुसरं जास्त महत्त्वाचं. पाणी येतं वरच्या पठारावरून. खाली ऊन असेल आणि वर ढग फुटल्यासारखा पडत असेल, तर खालच्याला पत्ताच नसतो. पाणी गढूळ झालं, काडीकचरा वाहून यायला लागला, आवाज घुमायला लागला की चपला शोधत बसायचं नाही, बाजूला व्हायचं. नदीच्या मधल्या दगडावर तर जायचंच नाही.

पुणेरी_चष्मा
सर, हे परीक्षेला आहे का?

अनामिक_लोणावळा
यावर विनोद नको, प्लीज. 30 जून 2024 ला भुशीच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुलं होती. आम्ही इथलेच. भुशी धरण रेल्वेने बांधलेलं, त्याच्या पायऱ्यांवरून पाणी वाहतं तिथे बसायला सगळ्यांनाच सुरक्षित वाटतं, आणि मग माणूस जरा वर, जरा मागे असं करत जातो. त्यानंतर बंदी, वेळेची मर्यादा वगैरे आली. दरवर्षी कुणीतरी चौकीवर पोलिसांशी वाद घालतच असतो, "आम्ही एवढ्या लांबून आलो."

पुणेरी_चष्मा
माफ करा. सर, लिहा तुम्ही अजून.

भंडारदरा_प्रेमी
अम्ब्रेला फॉलचं कुणी लिहिलं नाही? भंडारदऱ्याचं विल्सन धरण 1926 सालचं, त्याच्या पायथ्याशी बाग आहे. धरणाचं पाणी सोडलं की खडकावरून गोल छत्रीसारखं पडतं. सोडलं तरच. आम्ही जातो तेव्हा बंदच असतं, आमचे शेजारी जातात तेव्हा चालू. मग रंधा धबधबा बघून येतो. प्रवरा नदी, घोरपडादेवीचं देऊळ, बघायला सोय केलेली आहे. चालणं अगदी कमी.

वैभववाडीकार
आमच्या नापण्याच्या धबधब्याक येवा मा कधीतरी. बाराय म्हयने पाणी आसता, मे म्हयन्यात पण. 2025 पासून थय काचेचो पूल झालो हा. लोक येतत, फोटो काढतत. माझी आवशी मात्र त्या पुलार पाय ठेवक तयार नाय. "खालचा सगळा दिसता, मगे वर चलूचा कित्याक?" असा म्हणता.

घाटवेडी
तुमच्या आईंना माझा साष्टांग!

रिमा_के
मला एक विचारायचं होतं, विषयाला धरूनच आहे. बायकांनी ओले कपडे बदलायचे कुठे? सगळे लिहितात निसर्ग, भजी, फोटो. नवरा आणि सासरे रस्त्याच्या कडेला टॉवेल गुंडाळून मोकळे होतात. मी, नणंद, सासूबाई, गाडीला चारी बाजूंनी ओढण्या लावायच्या आणि आत वाकून कपडे बदलायचे, बाहेर कुणीतरी पहारा द्यायचा. काचा धुकटतात तेवढीच मदत. नाहीतर ओल्यानेच घरी. कित्येक ठिकाणी पार्किंगचे पैसे घेतात, चार पत्र्याची खोली नाही.

नाशिकची_सून
+१००. म्हणून आमच्या सासूबाई भिजतच नाहीत, "मला आवडत नाही" म्हणतात. एकदा विसर्ग बघताना वाऱ्याने चिंब झाल्या तेव्हा इतक्या हसल्या की कळलं, आवडत नाही वगैरे काही नाही.

मीना_ताई
रिमा, गाऊन न्यायचा. सैल, चेनचा, वरून घालायचा आणि आतले सगळे बदलायचे. समुद्रावरही तेच करते मी. गाडी नसली तरी जमतं, एसटीच्या थांब्यामागे सुद्धा केलंय.

रिमा_के
हे बेस्ट आहे. चेन पुढे की मागे?

मीना_ताई
पुढे. मागची चेन कोण लावून देणार?

पोर्टलंडकर
इथे ओरेगनमध्ये मल्टनोमा फॉल्स हायवेला लागूनच आहे, 620 फूट. आई-बाबा आले की पहिलं तिथेच. बाबा व्हीलचेअरवरून थेट खालच्या कट्ट्यापर्यंत गेले, स्वच्छतागृह, कपडे बदलायला जागा, सगळं. बाबांचा शेरा: "छान आहे, पण कणीस कुठे मिळतं?"

गोंयकार_पाव
गोव्याचा दूधसागर कुणी काढू नका, सोपा नाही. रेल्वेतून दिसतो तेवढाच बघायचा. 2023 च्या जुलैत रुळांवरून चालत गेलेल्यांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला असेल. त्यापेक्षा साखळीजवळ हरवळ्याला जा. गाडीपासून धबधबा दोन मिनिटं, शेजारी रुद्रेश्वराचं देऊळ, जवळच दगडात कोरलेली लेणी. आईंना तिथे नक्की जमेल.

देवरुखकर
चिपळूणकडचा सवतसडा पण रस्त्यावरूनच दिसतो, परशुराम घाटाजवळ. आजी गोष्ट सांगायची, दोन सवती कड्यावर बसल्या होत्या, एकीने दुसरीला ढकललं, पण पदराला पदर आधीच बांधलेला, दोघी गेल्या. माझी बायको म्हणते यात नवरा कुठे होता ते कुणीच सांगत नाही.

मीना_ताई
बायकोला नमस्कार सांगा. आणि ठोसेघरच्या पायऱ्या अजून कुणी सांगितल्या नाहीत.

सातारकर_१
ताई, रविवारी चाललोय, मोजून टाकतो. घाटवेडी, तुम्ही पण येणार होतात ना? मूग भजी सज्जनगडच्या फाट्यावर मिळतेत, कागदातच.