लाल टोपीवालीला बळ दिलं कुणी?

गोष्टवेडी
अँजेला कार्टर या इंग्लिश लेखिकेने १९७९ साली लाल टोपीवालीची ('लिटल रेड रायडिंग हूड') गोष्ट नव्याने लिहिली. तिच्या गोष्टीतली मुलगी, लांडगा 'तुला खायला' म्हणतो तेव्हा खळखळून हसते आणि त्याचाच सदरा ओढून आगीत टाकते. शेवटी त्याच्या पंजांमध्ये निवांत झोपते. त्याआधी काय होतं? १६९७ मध्ये पेरो या फ्रेंच लेखकाने तिला लांडग्याच्या पोटात घालून गोष्ट संपवली, वर मुलींना उपदेश केला. १८१२ मध्ये जर्मनीच्या ग्रिम बंधूंनी शिकारी आणून तिला बाहेर काढलं. माझ्या मते या मुलीला स्वतःचा आवाज पहिल्यांदा कार्टरने दिला.

रानवाटा
'पहिल्यांदा' साफ अमान्य. फ्रान्समधल्या निएव्र भागात १८८५ च्या सुमारास हीच गोष्ट एका खेडुताच्या तोंडून टिपली गेली. तिच्यात शिकारी नाही, लाल टोपीही नाही. मुलगी 'मला बाहेर जायचंय' म्हणते. लांडगा तिच्या पायाला दोरी बांधून सोडतो. ती दोरी अंगणातल्या झाडाला बांधते आणि घर गाठते. आपल्या 'चल रे भोपळ्या'तली म्हातारी काय वेगळं करते? 'लेकीकडे जाते, तूपरोटी खाते, जाडजूड होऊन येते, मग मला खा' असं सांगून वाघाला थोपवतेच ना! ग्रिमच्याच गोष्टीला एक शेपूट आहे. दुसरा लांडगा येतो, तेव्हा आजी-नात मिळून सॉसेज उकडलेल्या पाण्याने दगडी कुंड भरतात. वासाला भुलून लांडगा छपरावरून घसरतो आणि त्यात बुडून मरतो. पुस्तकं छापणाऱ्यांनी हा भाग बहुतेक गाळला, याचा मला राग येतो.

गोष्टवेडी
शेपटाबद्दल आभार, ते खरंच विसरलं जातं. पण जीव वाचवणं आणि स्वतःला ओळखणं एकच का? दोरी सोडवून पळालेली मुलगी घरी जाऊन पुन्हा आईची मुलगीच राहते. तिला काय हवंय, हे कुणी विचारलंच नाही. कार्टर नेमकं तेच विचारते. घाबरायचं नाही, एवढं ठरवल्यावर समोरच्याचं बळच जातं.

सांजवेळ
आणि आजीचं काय हो, गोष्टवेडीताई? कार्टरच्या गोष्टीत मुलगी झोपते त्या पलंगाखाली आजीची हाडं वाजतायत. ज्याने आजीला खाल्लं त्याच्या कुशीत शिरणं ही निवड आहे की दुसरी वाट नसल्यावर केलेली तडजोड? वयात येणाऱ्या मुलींना शिकवते मी. 'तू घाबरली नाहीस तर लांडगा माणसाळेल' हे मी त्यांना सांगू शकत नाही. घाबरणाऱ्या मुलीची चूक नसते. दोरीची गाठ मात्र मी हजारदा सांगेन.

गोष्टवेडी
वर्गात तुमचं बरोबर. पण कार्टरने ती मोठ्या वाचकांसाठी लिहिली, आणि हाडांचा आवाज तिनेच आपल्याला ऐकवलाय. ती तो लपवत नाही.

रानवाटा
मग एवढंच मान्य करा, की त्या खेडुताच्या गोष्टीतल्या मुलीलाही स्वतःला काय हवंय ते ठाऊक होतं. तिला घरी जायचं होतं.