ब्लूस्कायवरील मराठी पोस्टमधील दुवा भलत्या जागी का जातो? मूळ नोंद कशी पाहावी?

कळफलक यांचा प्रश्न:
आमच्या वाचनालयात आलेल्या पुस्तकांची माहिती ब्लूस्काय या समाजमाध्यमावर टाकणारा एक छोटा पायथॉन प्रोग्राम मी लिहिला आहे. इंग्रजी पोस्ट व्यवस्थित दिसतात. परंतु ‘आजची नवी पुस्तके:’ अशी सुरुवात करून पुढे संकेतस्थळाचा पत्ता दिला, की दुवा पत्त्यावर न लागता ‘नवी’ या शब्दातच सुरू होतो आणि ‘व’ फुटून तेथे विचित्र प्रश्नचिन्हे उमटतात. मॅस्टोडॉन या दुसऱ्या समाजमाध्यमावर हाच मजकूर बिनचूक दिसतो. सर्व्हरवर प्रत्यक्षात काय साठवले गेले आहे, हे पाहण्याचा काही मार्ग आहे का?

तळटीप यांचे उत्तर:
आहे, आणि त्यासाठी लॉग-इनही करावे लागत नाही. आपल्या हँडलवरून, म्हणजे खात्याच्या नावावरून, डीआयडी (खात्याची कायमची ओळखखूण) मिळवावा; पीएलसी डिरेक्टरी या सार्वजनिक नोंदवहीत त्या डीआयडीपुढे आपला विदा कोणत्या सर्व्हरवर आहे ते दिलेले असते. त्या सर्व्हरला ‘गेटरेकॉर्ड’ ही विनंती पाठवून डीआयडी, संग्रहाचे नाव आणि पोस्टच्या पत्त्यातील शेवटचा तुकडा दिला, की संपूर्ण नोंद जेसन (विदा मजकुराच्या रूपात मांडण्याची एक पद्धत) स्वरूपात समोर येते. तिच्यात लाइक शोधू नयेत. प्रत्येक लाइक ही ती देणाऱ्याच्या स्वतःच्या भांडारातील वेगळी नोंद असते. पोस्टची वेळही पाठवणाऱ्या प्रोग्रामनेच लिहिलेली असते, त्यामुळे तिच्यावर डोळे झाकून विसंबू नये.

कळफलक:
नोंद मिळाली. तिच्यातील ‘फॅसेट्स’मध्ये, म्हणजे दुवा मजकुरात कोठून कोठवर आहे हे सांगणाऱ्या भागात, दुव्याची सुरुवात १८ अशी आहे. मी मोजली तीही १८च आहे. मग चूक कोठे?

मात्रावेलांटी यांचे उत्तर:
चूक मोजमापाच्या एककात आहे. फॅसेटमधील आकडे अक्षरांचे नसून यूटीएफ-८ (संगणकात अक्षरे साठवण्याची पद्धत) बाइटांचे असतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ती काना-वेलांटी का असेना, ३ बाइट घेते. आपल्या मजकुरात पत्त्यापूर्वी देवनागरीची १४ चिन्हे आणि मोकळ्या जागा व विसर्गासारखा दिसणारा तो अपूर्णविराम मिळून ४ चिन्हे आहेत, म्हणजे ४२ अधिक ४, एकूण ४६ बाइट. शून्यापासून मोजल्यास १८वा बाइट ‘व’च्या तीन बाइटांपैकी शेवटचा ठरतो; ते अक्षर फुटले ते त्यामुळेच. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, म्हणून ही चूक तेथे लपून राहते. दुव्याआधीचा मजकूर यूटीएफ-८मध्ये एन्कोड करून त्याची लांबी घ्यावी, आणि दुव्याचा शेवटही तसाच मोजावा.

गंमत अशी, की ब्लूस्कायवरील पोस्टची ३०० अक्षरांची मर्यादा मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांवर चालते. ‘पुणे’ तेथे २, पायथॉनमध्ये ४ आणि फॅसेटमध्ये १२!

तळटीप:
मॅस्टोडॉनच्या पोस्टच्या पत्त्याला शेवटी ‘डॉट जेसन’ जोडून पाहावे. तेथे मजकूर एचटीएमएल स्वरूपात असतो आणि दुवा त्यातच गुंफलेला असतो, त्यामुळे मोजण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. काही सर्व्हर मात्र स्वाक्षरी केलेल्या विनंतीशिवाय हे दाखवत नाहीत.

कळफलक:
सुरुवात ४६ केली, शेवटही बाइटांत मोजला आणि जुनी पोस्ट काढून नवी टाकली. दुवा पत्त्यावर बसला.